एबेनआल्प ते आपेनत्सेल : कड्यापासून गावापर्यंत उतरत जाणारी एक दिवसाची वाट

रानवाट

स्वित्झर्लंडला येणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत युंगफ्राउ, टिटलिस आणि ल्युसर्न हमखास असतात. ईशान्येच्या कोपऱ्यातला आपेनत्सेल क्वचितच असतो, आणि असलाच तर एका छायाचित्रापुरता. चुनखडीच्या उभ्या कड्याला पाठ लावून बांधलेले एशरचे लाकडी उपाहारगृह त्या छायाचित्रात असते. लोक रोपवेने वर जातात, छायाचित्र काढतात आणि त्याच रोपवेने खाली येऊन पुढची गाडी पकडतात. मी ह्या भागाच्या जवळ राहते आणि इथे वरचेवर चालायला जाते, म्हणून आग्रहाने सांगते की वर रोपवेने जायला काहीच हरकत नाही, परंतु खाली यायचे ते पायी, आणि तेही रोपवेच्या तळाशी न थांबता थेट आपेनत्सेल गावापर्यंत. इथला वारसा एखाद्या वास्तूत सामावलेला नाही. गुरे, गवत, दूध आणि ते सांभाळणारी माणसे वर्षानुवर्षे ज्या उतारावरून ये-जा करत आली त्या साऱ्या उतारावर तो पसरलेला आहे. वरून खाली चालत आले की त्यातल्या एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आपोआप लागत जातो.

सेंट गालेनहून किंवा गोसाउहून आपेनत्सेलला जाणारी लाल, मीटर गेजची गाडी घ्यावी आणि आपेनत्सेलवरून पुढे वासरआउएन ह्या शेवटच्या स्थानकापर्यंत जावे. हा शेवटचा फाटा 1912 मध्ये सुरू झाला. खिडकीतून दिसणारे दृश्य नीट पाहण्यासारखे असते. दोन्ही बाजूंना गोलसर, हिरव्या, अगदी माथ्यापर्यंत गवताने झाकलेल्या टेकड्या असतात आणि त्यांच्यामागे एकदम करड्या-पांढऱ्या दगडाची भिंत उभी राहते. आल्प्स वर येत असताना नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे आणि गोट्यांचे थर साचून ह्या टेकड्या झाल्या आहेत. मागची भिंत, म्हणजे आल्पस्टाइनची रांग, ही त्याहून पुष्कळ जुन्या, समुद्राच्या तळाशी तयार झालेल्या क्रेटेशियस काळातल्या चुनखडीची आहे. तिचे सर्वोच्च शिखर झेंटिस हे 2502 मीटर उंच आहे.

वासरआउएन 868 मीटरवर आहे. तिथून रोपवे एबेनआल्पला नेतो, ज्याचा माथा साधारण 1640 मीटरवर आहे. नावाप्रमाणेच हे एक सपाट कुरण आहे आणि इथे ‘आल्प’ ह्या शब्दाचा अर्थ डोंगर असा नसून उन्हाळी चराईचे रान असा आहे. माथ्यावर गर्दी असते, पण पंधरा-वीस मिनिटे खाली उतरले की वाट एका गुहेत शिरते आणि डोंगराच्या पोटातून पलीकडच्या कड्यावर निघते. गुहेतला जमिनीचा दगड कायम ओलसर असतो, त्यामुळे इथे घाई करू नये.

ह्या गुहांना विल्डकिर्शली म्हणतात आणि माझ्या मते ह्या वाटेवरचे सर्वांत मोलाचे ठिकाण एशर नसून हेच आहे. सेंट गालेनचे संशोधक एमिल बेखलर ह्यांनी 1904 पासून इथे उत्खनन केले. त्यांना गुहेत राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या अस्वलांची असंख्य हाडे मिळाली आणि त्यांच्यासोबत निअँडरथल माणसांची दगडी हत्यारे मिळाली. आल्प्समध्ये इतक्या उंचीवर त्या काळचा माणूस वावरत होता, ही गोष्ट तोपर्यंत कोणी गृहीत धरली नव्हती. गुहेत राहणारा अस्वल हा प्राणी मुख्यतः वनस्पतींवर जगत असे, आणि इथली बहुतेक हाडे शिकारीची नसून हिवाळ्यात झोपेतच मेलेल्या अस्वलांची असावीत, असे आज मानले जाते. दुसऱ्या एका गुहेतल्या अशाच हाडांवरून बेखलर ह्यांनी अस्वलपूजेची कल्पना मांडली होती. ती पुढे मागे पडली, पण त्यांच्या उत्खननाचे महत्त्व तिने कमी होत नाही.

त्याच कड्यावर 1658 मध्ये पाउलुस उल्मान नावाच्या धर्मोपदेशकाने एकांतवासासाठी जागा केली. त्यानंतर 1853 पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे, इथे एकामागून एक संन्यासी राहत होते. कड्याच्या पोकळीत अजून एक लहान वेदी आणि घंटा आहे, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी रक्षक देवदूताच्या सणाला इथे प्रार्थना होते. त्या दिवशी कड्याखाली उभे राहून पुरुषांचे गाणे ऐकायला मिळाले तर दुसरे काही ठरवले असेल तरी सोडून द्यावे.

एशर तिथून काही मिनिटांवर आहे. 2015 मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी प्रकाशनाच्या मुखपृष्ठावर ते आले आणि मग गर्दी इतकी वाढली की अनेक वर्षे ते चालवणारे कुटुंब 2018 मध्ये ते सोडून गेले. घराची मागची भिंत म्हणजे खुद्द कडा आहे. पूर्वी हे गुराख्याचे आणि शेळ्यांचे घर होते आणि डोंगरात येणाऱ्यांना खाऊपिऊ घालणे हा त्याचा जोडधंदा होता. आतल्या बाकावर दहा मिनिटे बसून मागच्या दगडाला हात लावून पाहावा, आणि मग रांग वाढायच्या आत निघावे.

इथून झेआल्प सरोवराकडे उतरणारी वाट तीव्र आहे. तासभर ते सव्वा तास लागतो आणि गुडघ्यांची परीक्षा होते. सरोवर 1141 मीटरवर आहे. त्याच्या मागे झेंटिसचा कडा आहे आणि वारा नसलेल्या सकाळी त्याचे प्रतिबिंब पाण्यात स्वच्छ दिसते. मला मात्र सरोवरापेक्षा त्याच्या काठावरची कुरणे जास्त महत्त्वाची वाटतात. उन्हाळ्याचे साधारण तीन-साडेतीन महिने इथे गाई, शेळ्या आणि डुकरे असतात. डुकरे का, हा प्रश्न पडतो. चीज झाल्यावर उरलेले दुधाचे पाणी त्यांना पाजतात. काही झोपड्यांत तिथेच केलेले चीज विकत मिळते.

सरोवरापासून वासरआउएनपर्यंत सुमारे तासाभराचा, बराचसा सिमेंटचा आणि उभा उतार आहे. ह्या टप्प्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

वासरआउएनला गाडी समोर उभी असते आणि चढून बसायचा मोह होतो. तो आवरावा. इथून श्वेंडेच्या ओढ्याच्या काठाने जाणारी वाट सपाट आहे, सावली आहे आणि दीड-दोन तासांत आपेनत्सेलला पोहोचवते. पहिले गाव श्वेंडे, मग वाइसबाड. वाइसबाडला तीन ओढे एकत्र येतात आणि त्यांची झिटर नदी होते. इथे गाव म्हणजे आपल्याकडच्यासारखी गावठाणात एकवटलेली घरे नसतात. देऊळ, शाळा आणि खानावळ एका ठिकाणी, आणि शेतकऱ्यांची घरे मात्र आपापल्या गवताच्या मधोमध, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर विखुरलेली असतात. घर आणि गोठा काटकोनात जोडलेले असतात. दर्शनी भिंतीत खिडक्यांच्या ओळी असतात आणि वाऱ्या-पावसाची बाजू लाकडाच्या लहान लहान फळ्यांनी मढवलेली असते. एवढ्या उंचीवर धान्य नीट पिकत नाही, त्यामुळे शेती म्हणजे गवत आणि गवत म्हणजे दूध. प्रत्येकाला आपले गवत घराभोवती हवे असते, कारण गोठ्यातले शेण त्याच गवतावर परत जायचे असते. घरे अशी विखुरलेली का आहेत, ते एकदा असे समजले की पुढच्या प्रत्येक वळणावर तोच हिशोब दिसू लागतो.

आपेनत्सेल गाव ह्या परगण्याची (कँटनची, म्हणजे स्विस संघातल्या घटक राज्याची) राजधानी आहे. 1071 मधल्या नोंदीत त्याचे नाव ‘मठाधिपतीची कोठी’ ह्या अर्थाचे आहे, कारण हा मुलूख सेंट गालेनच्या मठाचा होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इथले शेतकरी मठाच्या करांविरुद्ध उठले. 1403 मध्ये फ्योगेलिन्सएगला आणि 1405 मध्ये श्टोसला त्यांनी मठाच्या आणि ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सैन्याला हरवले, आणि 1513 मध्ये आपेनत्सेल तेरावा सभासद म्हणून स्विस संघात आला. पुढे धर्मसुधारणेच्या वादात 1597 मध्ये परगण्याचे दोन भाग झाले. कॅथलिक इनररोडन आणि प्रॉटेस्टंट आउसररोडन अशी ती वाटणी शस्त्र न उचलता झाली, हे त्या काळात नवल होते. गाव 1560 मध्ये जळून गेले होते, म्हणून हाउप्टगासे ह्या मुख्य रस्त्यावरची बहुतेक घरे त्यानंतरची आहेत. तिथल्या औषधांच्या जुन्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर औषधी वनस्पती रंगवल्या आहेत, त्या पाहण्यासाठी जरा मान वर करून चालावे.

कोणी ह्या भागात गेले असल्यास किंवा जाणार असल्यास इथे जरूर लिहावे.

कातळ

अतिशय सुरेख धागा. आम्ही दोघे जूनच्या अखेरीस झुरिकला येणार आहोत आणि एक पूर्ण दिवस चालण्यासाठी राखून ठेवला आहे. सह्याद्रीत बरीच वर्षे फिरलो आहोत, त्यामुळे उताराची भीती नाही, पण चुनखडीवर कधी चाललो नाही. आपला बेसाल्ट पावसात शेवाळलेला नसेल तर पायाला चांगली पकड देतो. चुनखडीचे कसे असते? शिवाय वाटा किती स्पष्ट असतात, वाटाड्या लागतो का, हेही कृपया सांगावे.

गुहेबद्दल वाचताना एक गोष्ट मनात आली. आपल्याकडे डोंगरातली गुहा म्हटले की डोळ्यांपुढे कोरलेले लेणे येते, कारण बेसाल्टमध्ये मोठ्या नैसर्गिक गुहा फारशा होत नाहीत. चुनखडी पाण्यात विरघळते आणि गुहा आपोआप तयार होतात. संन्याशाला तयार घर मिळाले, आणि त्याच्या कितीतरी आधी अस्वलांनाही मिळाले.

रानवाट

कातळ, गुहांबद्दल तुम्ही अगदी नेमके लिहिले आहे. त्याच कारणाने आल्पस्टाइनमध्ये पाणी जमिनीवर टिकत नाही. भेगांमधून खाली जाते आणि दूर कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. शेजारच्या खोऱ्यातल्या झेम्टिस सरोवराचे पाणीसुद्धा जमिनीखालूनच वाहून जाते. म्हणून माथ्यावर पाणी मिळेल असे गृहीत धरू नये.

कोरडी चुनखडी चांगली पकड देते, परंतु हजारो पावलांनी गुळगुळीत झालेले दगड ओले असले की फार घसरतात. एशर ते सरोवर ही वाट सोपी वाटत असली तरी तिच्या कडेला खोल उतार आहे आणि तिथे पडून माणसे दगावली आहेत. ट्रेकिंगचे बूट आवश्यक आहेत. पाऊस पडत असेल तर त्या वाटेने उतरू नये, रोपवेने खाली येऊन तिथूनच चालायला लागावे. दरीकडची बाजू टाळून, समोरून येणाऱ्यांना वाट देताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, ही आपल्याकडची शिस्त इथेही तितकीच उपयोगी आहे.

वाटाड्याची गरज नाही. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय स्थिर हवा आणि चक्कर येणारी व्यक्ती सोबत नसावी. पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे दोर, दगड आणि कधी बर्फ ह्यांची सवय असणाऱ्यांची वाट. आपल्या मार्गावर पहिल्या दोनच खुणा लागतात. पाट्यांवर अंतर नसते, वेळ असतो, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते, म्हणून पाटीवरच्या वेळेत निम्म्याने भर घालून दिवसाचे गणित मांडावे. ह्या देशात सुमारे 65,000 किलोमीटर पायवाटा अशा खुणांनी आखलेल्या आहेत. 1979 मध्ये जनमत घेऊन पायवाटांचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले गेले. रस्ता बांधताना पायवाट तुटली तर तिला पर्याय द्यावा लागतो. आपल्याकडच्या घाटवाटांना असे काही मिळाले तर काय होईल, ह्या विचाराने मला दर वेळी हळहळ वाटते.

माळरान

मी म्युनिकला असतो आणि ह्या भागात गुरांच्या मिरवणुकीसाठी मुद्दाम गेलो होतो, त्याबद्दल थोडे लिहितो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गुरे वर नेतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाली आणतात. सर्वांत पुढे पांढऱ्या, लांब केसांच्या, बिनशिंगी आपेनत्सेल शेळ्या आणि त्यांना सांभाळणारा मुलगा, त्याच्यामागे पारंपरिक पोशाखातली मुलगी असते. नंतर पिवळी चामडी विजार, लाल जाकीट आणि भरतकाम केलेला पांढरा सदरा घातलेला मुख्य गुराखी, ज्याला ‘झेन’ म्हणतात, आणि त्याच्यामागे मोठ्या घंटा घातलेल्या तीन गाई येतात. घंटा तीनच असतात आणि त्यांचे स्वर एकमेकींशी जुळलेले असतात. काही अंतर गेल्यावर गाईंचे ओझे उतरवून माणसे त्या घंटा खांद्यावरच्या काठीला लावून नेतात. मग उरलेला कळप, कळपाचा मालक आणि त्याचा कुत्रा, आणि अखेरीस चीज करायची लाकडी भांडी लादलेली घोडागाडी. झेनच्या उजव्या कानात सोन्याचे कुंडल असते आणि त्याला साय काढायच्या पळीच्या आकाराचे लटकन असते.

ही मिरवणूक पर्यटकांसाठी काढत नाहीत. दिवस हवामान आणि गवत पाहून ठरतो आणि कधी कधी आदल्या दिवशीपर्यंत नक्की नसतो. काही कुटुंबे पहाटे अंधारातच निघतात. आल्प्समधल्या ह्या उन्हाळी चराईच्या हंगामाला 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

गावातल्या संग्रहालयात आणि दुकानांत ह्या मिरवणुकीची लांबट पट्ट्यांवरची चित्रे दिसतात. पूर्वी ती गोठ्याच्या दारावर लावत. बार्थोलोमेउस लेमलर (1809-1865) हा त्यातला सर्वांत मोठा चित्रकार. हिरव्या उतारावर एकामागून एक चढणाऱ्या त्याच्या गाई पाहिल्या की, रानवाट ह्यांनी हा उतारच वारसा आहे असे का म्हटले, ते पटते. ती चित्रे पाहणाऱ्याला प्रत्येक गाय वेगळी ओळखता येत असली पाहिजे, कारण चित्र लावणाऱ्याला त्या सगळ्या नावाने माहीत होत्या.

सांजवेळ

मी संतूर वाजवते, म्हणून माझे लक्ष इथल्या संगीताकडे गेले. आपेनत्सेलच्या पारंपरिक वाद्यवृंदात दोन व्हायोलिन, एक चेलो, एक डबल बास आणि ‘हाकब्रेट’ असतात. हे हाकब्रेट म्हणजे संतूरच्याच कुळातले वाद्य आहे. तोच चौकोनी, एका बाजूला निमुळता होत गेलेला पेटीचा आकार, घोड्यांवरून ताणलेल्या तारा आणि हातातल्या दोन हलक्या काड्या. काश्मीरचे संतूर शंभर तारांचे आणि सुफियाना मैफिलीतले, हे नाचाच्या सुरावटींचे, त्यामुळे वादनाची रीत अर्थातच वेगळी आहे. इथे लयीचा ठेका हाकब्रेटच धरून ठेवते आणि मधूनच सुरावट स्वतःकडे घेते. गावातल्या खानावळीत संध्याकाळी वादक जमलेले दिसले तर एक जेवण तिथेच करावे.

दुसरी गोष्ट गाण्याची. इथल्या योडेलला शब्द नसतात. इनररोडनमध्ये त्याला ‘रुगूसली’ आणि आउसररोडनमध्ये ‘त्सॉयरली’ म्हणतात. एक जण संथपणे सुरावट सुरू करतो, दुसरा तिला जोड देतो आणि बाकीचे खालच्या स्वरात आधार धरतात. काही वेळा तीन घंटा हलवत, त्यांच्या स्वरांवर गातात. काही ठिकाणी मातीच्या वाडग्यात नाणे गोल फिरवत ठेवतात आणि त्याचा अखंड नाद आधारस्वर म्हणून चालतो. आपल्या तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ते लगेच ओळखीचे वाटते. त्यातले काही स्वर पियानोच्या स्वरांपेक्षा किंचित वेगळे लागतात आणि गाणारे ते मुद्दाम तसेच ठेवतात, हे मला फार आवडले.

कॅथलिक आल्पवर संध्याकाळी गुराखी ‘बेटरूफ’ म्हणतो. हाताची ओंजळ किंवा लाकडी नरसाळे तोंडाला लावून, माणसे आणि जनावरे रात्रभर सुखरूप राहावीत अशी प्रार्थना तो चारही दिशांना ऐकू जाईल अशा सुरात गातो.

ओंजळ

धागा माहितीपूर्ण आहे, पण लोकशाहीचा विषय वाटेत राहून गेला, म्हणून लिहिते. आपेनत्सेलच्या मुख्य चौकात दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ‘लांड्सगेमाइंडे’ भरते, म्हणजे परगण्याचे सर्व मतदार उघड्यावर जमून हात वर करून कायदे आणि पदाधिकारी ठरवतात. ह्याचे फार कौतुक होते. परंतु इनररोडनच्या पुरुषांनी त्याच चौकात स्त्रियांना मताधिकार देण्यास पुन्हा पुन्हा नकार दिला, अगदी एप्रिल 1990 मध्येसुद्धा. देशपातळीवर स्त्रियांना मत 1971 मध्ये मिळालेले होते. अखेरीस 27 नोव्हेंबर 1990 रोजी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1991 च्या सभेत स्त्रिया पहिल्यांदा उभ्या राहिल्या. आजही पुरुष मतदानाचा पुरावा म्हणून तलवार घेऊन येऊ शकतात, तर स्त्रिया कागदी ओळखपत्र आणतात. परंपरा म्हणून ज्याचे रक्षण होते त्यात कोणाला बाहेर ठेवले जाते, हे पाहिल्याशिवाय वारशाबद्दल बोलू नये असे मला वाटते.

रानवाट

ओंजळ, ही भर घातल्याबद्दल मनापासून आभार. त्या चौकात मी जेव्हा जेव्हा जाते तेव्हा हा इतिहास माझ्या मनात असतो, आणि चौकातल्या कारंज्याजवळ उभे राहून सोबतच्या प्रत्येकाला तो सांगते. विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे असे होते की सगळे आले तर चौकात जागा पुरणार नाही. ते किती पोकळ होते हे 1991 मध्येच दिसले. आठ वर्षांनी, 1999 मध्ये, ह्याच इनररोडनच्या रूथ मेट्झलर देशाच्या सात जणांच्या मंत्रिमंडळात निवडून आल्या.

एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. न्यायालयाने लांड्सगेमाइंडे रद्द केली नाही. परगण्याच्या घटनेतला ‘नागरिक’ हा शब्द स्त्रियांनाही लागू होतो, असा अर्थ लावला. म्हणजे सभा तीच राहिली आणि तिच्यावरचा स्त्रियांचा हक्क मान्य झाला. शेजारच्या आउसररोडनने स्त्रियांना 1989 मध्ये मत दिले आणि 1997 मध्ये ती सभाच बंद केली. आज ही प्रथा इनररोडन आणि ग्लारुस ह्या दोनच परगण्यांत उरली आहे. हात वर करताना शेजाऱ्याला आपले मत दिसते, हा तिचा दोष खराच आहे. पण कोणीही सामान्य नागरिक व्यासपीठावर जाऊन बोलू शकतो आणि तिथेच निर्णय लागतो, ह्या गोष्टीचे मोल मला अजून वाटते.

ओंजळ

गुप्त मतदानाचा हक्क मला त्यापेक्षा मोठा वाटतो, विशेषतः लहान गावात, जिथे दूध घेणारा, कर्ज देणारा आणि शेजारी एकाच चौकात उभे असतात. तरीही तुमचे म्हणणे समजले.

स्त्रियांच्याच संदर्भात आणखी एक. गाई आणि चीज ह्यांच्या गोष्टीत पुरुष पुढे असतात, पण ह्या घरांत रोख पैसा बराच काळ स्त्रियांच्या हातच्या कामातून येत होता. इनररोडनमध्ये बारीक पांढऱ्या भरतकामाचे आणि आउसररोडनमध्ये विणकामाचे काम घराघरांत चाले. विणकामाचे माग तळघरात असत, कारण दमट हवेत सूत तुटत नाही. व्यापारी सेंट गालेनचे असत, माल परदेशी जाई, आणि डोळे मात्र इथल्या बायकांचे खराब होत. घराच्या पायाशी, जमिनीलगत, लहान खिडक्यांची ओळ दिसली तर आत एके काळी माग होता असे समजावे. गावातल्या संग्रहालयात हे भरतकाम पाहायला मिळते. नगरसभागृहाला लागूनच ते आहे.

कातळ

सर्वांचे आभार. एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझी पत्नी कडक शाकाहारी आहे. वाटेत काय मिळेल?

माळरान

उपाशी राहावे लागणार नाही. ‘खेसहोर्नली’ म्हणजे चीज घातलेला मॅकरोनीसारखा पदार्थ सफरचंदाच्या गोड लगद्यासोबत देतात. त्यासोबत सॉसेज देण्याची पद्धत आहे, म्हणून ते नको असे आधी सांगावे. रोष्टीत, म्हणजे किसून परतलेल्या बटाट्यात, बेकनचे तुकडे असू शकतात, विचारून घ्यावे. कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असलेले बरे की पारंपरिक स्विस चीज बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, आणि आपेनत्सेलचे प्रसिद्ध चीजही त्याच परंपरेतले आहे. त्याचा विशेष असा की पिकत असताना ते वनौषधींच्या मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसतात आणि त्या पाण्याची कृती उत्पादक गुप्त ठेवतात. गोडात ‘बीबर’ जरूर घ्यावे. मध आणि मसाल्यांची जाडसर पोळी, आत बदामाचे सारण आणि वर उठवलेले चित्र, बऱ्याचदा परगण्याच्या चिन्हातल्या अस्वलाचे. पिशवीत दिवसभर टिकते, त्यामुळे चालताना सोयीचे.

नदीकाठ

आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेले सासूसासरे आहेत. सरोवरापर्यंतचा उतार त्यांना जमणार नाही. त्यांना ह्यातले काय दाखवता येईल?

रानवाट

नदीकाठ, त्यांच्यासाठी दोन पर्याय सुचवते. पहिला म्हणजे रोपवेने एबेनआल्पला जाऊन वरच्या सपाट कुरणावर बसणे. एशरपर्यंतची वाट लहान असली तरी गुहेतला ओला उतार आणि परतताना तोच चढ आहे, तेव्हा गुडघे पाहूनच ठरवावे. दुसरा पर्याय मला अधिक आवडतो. गाडीने वाइसबाडला उतरावे आणि झिटरच्या काठाने आपेनत्सेलपर्यंत चालावे. आरामात तासभर लागतो, चढ जवळजवळ नाही आणि वाटेत बाके आहेत. विखुरलेली घरे, गवत कापणारी कुटुंबे, गाईंच्या घंटा आणि मागे आल्पस्टाइनची भिंत, असे बरेच काही त्या तासाभरात दिसते. तुम्ही तरुण मंडळी सकाळी लवकर वर जाऊन सरोवरामार्गे उतरा, दुपारी वाइसबाडला त्यांना भेटा आणि शेवटचा टप्पा सगळे मिळून चाला.

निघण्यापूर्वी रोपवे चालू आहे का ते पाहावे, कारण वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर तो देखभालीसाठी बंद असतो. एशर साधारण मे ते ऑक्टोबर ह्या काळात उघडे असते. जूनच्या सुरुवातीला सावलीच्या घळींत बर्फ उरलेला असू शकतो. दुपारनंतर वादळाचा अंदाज असेल तर अकराच्या आत कड्याखाली उतरलेले बरे. कुरणातून जाताना फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे, वासरे सोबत असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नये, आणि मेपासून गवत कापेपर्यंत कुरणात पाय घालू नये, कारण ते गवत म्हणजे त्या घराचा हिवाळ्याचा चारा असतो.

कातळ

ठरले. 27 तारखेला सकाळी सातच्या गाडीने निघतो, हवामानाने साथ दिली तर. वाइसबाडच्या पुढचा टप्पा आम्ही यादीतही घेतला नव्हता, आता त्यासाठी संपूर्ण दुपार मोकळी ठेवली आहे. परतल्यावर वाटांच्या वेळा आणि खाण्याबद्दल इथे सविस्तर लिहीन.

सांजवेळ

कातळ, खानावळीत हाकब्रेट वाजवणारे कोणी भेटले तर त्यांच्या तारा कोणत्या स्वरांत लावल्या आहेत ते विचाराल का? डावी आणि उजवी बाजू पंचमाच्या अंतरावर असते असे वाचले आहे, पण प्रत्यक्ष वाजवणाऱ्याकडून ऐकायचे आहे.